तळहात

नागपूर, जानेवारी १९८६
मंगळवार, संध्याकाळ

सकाळी मी ह्यांना म्हणाले, माझ्या अंगात कणकण आहे. "थर्मामीटर कपाटात आहे," हे म्हणाले, आणि डबा विसरून कारखान्यात गेले.

डबा द्यायला मीच गेले. काँक्रीटची नवी तुळई लवकर घट्ट व्हावी म्हणून साच्यातच, ताडपत्रीखाली वाफेवर ठेवली होती. ह्या काँक्रीटमध्ये ती करडी सिलिकाची भुकटी आहे, जिच्याविषयी ते महिनाभर बोलत आहेत. वाफ एकदम चढली तर तडे जातात म्हणे. मुकादमाने विचारलं, "साहेब, वाफ वाढवू काय?"

"थांब गा. काहून घाई करून राहिला? हळूहळू तापू दे तिले."

इतकं मऊ घरी कधी बोलतात?

थर्मामीटर ताडपत्रीत खुपसलेला होताच. तो वाचून झाल्यावरही त्यांनी साच्यावर तळहात ठेवला. "सुनंदा, तू पाहा वं." सुनंदा त्यांच्या हाताखालची नवी इंजिनिअर. तिने आपला हात त्यांच्या हाताशेजारी ठेवला.

"वहिनी, तुम्ही बी लावा ना! तापल्या पोरावानी लागून राहिलं."

दोघं हसले. मी डबा धरून उभी.

तिचा राग नाही. बहुतेक नाहीच. मग कुणाचा? तुळईचा? हे कुणाला सांगावं. पण तो तळहात. थर्मामीटर असताना.

आत्ता आले, खुशीत. तुळई हवी तशी तापली. दारातूनच विचारलं, "ताप किती?"

"नव्याण्णव," मी म्हणाले.

थर्मामीटर अजून कपाटातच आहे. त्यांनी माझा आकडा लगेच मानला आणि हात धुवायला गेले.