वाळूचा काशिराम

पनवेल, ता. १९ जानेवारी १९९४

सत्यवतीबाय,

आधी तुज्या दुखऱ्या गुडघ्यांना नमस्कार, मंग तुला. भावजयीचं पत्र म्हनून चुलीत घालू नको. वाच, मंग घाल. मी बरी हाय. बाजारात सुकट खपते. अंगानं भरलेय, पन तुज्याएवडी नाय. तिळगूळ पाठवला नाय, तू फेकून मारशील.

रविवारी उरनला गेलते. समुद्रावर कलेचा मेळावा भरलेला. शेजारची रमा मास्तरीन ओढून घेऊन गेली. काय सांगू गो! शहरातली मानसं उनात बसून आपल्या होड्यांची चित्रं काढीत होती. एक लांबच लांब कापड अंथरलेलं, जो येल त्यानं रंगात हात बुडवून पंजा उमटवायचा. मी दोन उमटवले. एक कापडावर, एक रमाच्या पाठीवर.

पुढं वाळूचं काम. ज्याला जे वाटंल ते त्यानं करावं. एक ढेरपोट्या साहेब मगर करीत होता. मी म्हनलं, "साहेब, पोट तुमच्यावर गेलंय तिचं." तो बी हसला.

मंग मी बसले. मासा करायला घेतला, तर हात मानूसच करीत गेले. पाय झाले. डावा वाकडा अंगठा झाला. खांदे झाले. तोंड होईना. तीनदा पुसलं. बाय, मला तुज्या भावाचं, काशिरामचं तोंड आठवंना! फोटो एक नाय. त्याचा खोकला रोज ऐकते, मोरीत पानी वाजलं की वाटतं पाय धुतोय. पन तोंड नाय.

शेवटी डोळे मिटले नि बोटं फिरवली. तुमच्या करंजा गावची हौसा मासळीवाली तिथंच उभी. ती वरडली, "अगो, ही तर सत्यवती! मिशी कशाला लावलीस तिला?"

सगळी हसली. मी बी हसले. मंग खाली बघितलं. तो माज्याकडं बघत होता.

भरती लागली. रमा म्हनाली, "गंगाबाई, चला ना, पाणी येतंय." मी उठले नाय. पाय गेले, छाती गेली. तोंड लई वेळ ऱ्हायलं.

आता सांगते. तिथून करंजा केवडंसं लांब, तरी तुज्याकडं आले नाय. पाच वर्सं नाय आले. तू बोललीस, भाऊ दर्यात गेला, अंग गावलं नाय, तर दर्भाचा पुतळा करून जाळू, त्याचा जीव सुटंल. मी दारात आडवी झाले. लोकं म्हनली, किरियेवरून ननंद-भावजय तुटल्या. तसं नाय गो. तुमा भावा-बहिनीचं तोंड एक. तू दारात आलीस की वाटायचं, तोच आला, विचारायला.

दर्यावर निघालेल्याला मागून हाक मारत नाय. बारकी पोर बी जानते. त्या सकाळी मी मारली. मस्करीत. "अवो, घाईत माजं लुगडं नेसून चाललाव काय?" तो थांबला, वळला, खाली स्वतःकडं बघितलं. हसला नि गेला. पाचव्या दिवशी होडी आली, तो नाय. हे मी कोनाला बोलले नाय. तुला तर नायच.

भटाला बोलव. तो म्हनंल त्या दिवशी पुतळा करू. मी येते. मारायचं तर मार, शिव्या दे, पन माज्यापासून तोंड फिरवू नको. जाळायच्या आधी मला ते पोटभर बघू दे.

किरियेपतूर तुज्या भावाची बायको,
गंगा