मिहिकाचा पोपट

डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई

प्रिय उर्मिलाताई, तुला इथूनच वाकून नमस्कार.

कॉन्व्हेंटच्या पायरीवर डबा खाताना तू पेरूवरच्या पोपटांसाठी पोळी ठेवायचीस आणि सिस्टर रागवायच्या, ते आज फार आठवलं. आम्ही मजेत आहोत. तुझे गुडघे कसे आहेत?

माझी मिहिका न्यूझीलंडच्या बेटावर ज्या काकापोंची राखण करते, ते न उडणारे पोपट जगात जेमतेम अडीचशे उरलेत. तिथली झाडं भरभरून फळली तरच ते अंडी घालतात. यंदा तिच्या मादीने दोन घातली.

परवा तिचा फोन आला, "आई, पोपट झाला!" मी इतकी हरखले की पुढचं ऐकलंच नाही. बिल्डिंगभर पेढे वाटले, तिकडे यायला निघालेल्या शेजारच्या शोभनाबरोबर तुलाही पाठवले.

संध्याकाळी पुन्हा फोन. "नो, आई! एग डेड आहे. आमचा पोपट झाला." ही भाषा तुझ्याच सिद्धांतने शिकवली तिला! मी हसले, आणि मग कळलं, ती रडतेय.

दुसरं अंडं अजून उबेत आहे. ती जेवते का, हे विचारायचा मला धीर होत नाही.

शोभना आली की तिच्याकडचा खजूर मधूला दे, केशर वहिनीला. पेढे मात्र फ्रीजमध्ये ठेव, एवढ्यात कुणालाच देऊ नकोस.

तुझी,
वृंदा