विम्याचे शंभर टक्के आणि घरातले दोन नको

उमरगा

तीर्थस्वरूप मल्लेशअण्णांच्या चरणी नंदीशचे शरणु शरणार्थी.

वहिनींच्या गुडघ्याला तेल मानवले का, आपला खोकला कितपत आहे आणि लोहाऱ्याची जीप अजूनही माणसे खच्चून भरल्याशिवाय सुटत नाही का, हे सविस्तर कळवावे. इकडे सर्व क्षेम. (सर्व म्हणजे माझी प्रकृती. आपली भगिनी शिवप्रिया व आमच्या मातोश्री माझ्याशी बोलत नाहीत. परंतु लग्नानंतर प्रथमच एकमेकींशी भरभरून बोलत आहेत, हेही क्षेमच.)

प्रकरण समजण्यास थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. आमच्या दाळमिलने सर्व नोकरांचा जीवनविमा उतरवला आहे. नोकर मयत झाल्यास रक्कम कोणाच्या हाती द्यावी, ते नाव आधीच नोंदवावे लागते; त्यास नॉमिनी म्हणतात. नावे कितीही चालतात, मात्र वाट्यांची बेरीज शंभर टक्केच भरली पाहिजे. हे समजावण्याचे काम माझ्याकडे आले व मी ते रंगीत खडूंनी, अत्यंत आनंदाने पार पाडले. हमाल सिद्धारामने पहिले नाव तुळजाभवानीचे सांगितले. (नाते: आई. वय विचारताच त्याने हात जोडले.) "लग्नपत्रिकेत पयलं नाव देवीचंच असतंय की सायब, मग इथं का न्हाय?" या त्याच्या प्रश्नाचे समाधान करण्यात माझी दुपार गेली. शेवटी मी सर्वांस सूत्र दिले: काहीही गृहीत धरू नका, घरी विचारा आणि येईल ते उत्तर जसेच्या तसे नोंदवा.

हे सूत्र मी स्वतः पाळले. जेवणानंतर मातोश्रींना विचारले. त्या म्हणाल्या, "मला कशाला रं? म्या आज हाय, उद्या न्हाय. तिला दे." शिवप्रियाला विचारले. ती म्हणाली, "मला नको. आत्याबाईंचं घाला." दोन्ही नकार स्पष्ट होते. शंभर टक्के मात्र पूर्ण शिल्लक होते. तेव्हा ज्याने नकार दिलेला नाही असा विश्वासू नातलग शोधता आपले नाव निघाले. (आपण हजर नसल्याने नकार देऊ शकला नव्हता.) मी तत्काळ कंपनीच्या संकेतस्थळावर नोंद केली: मल्लेशअण्णा, नाते मेहुणे, वाटा शंभर टक्के.

पंगतीत हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, वाढताना पाहुणा तीनदा नको म्हणतो व चौथ्यांदा वाटी पुढे सरकवतो, ही आपली रीत मला ठाऊक आहे. ती विम्यालाही लागू असल्याचा उल्लेख मात्र माहितीपत्रकात कोठेही आढळला नाही.

सकाळी चहाबरोबर मी ही वार्ता उत्साहाने सांगितली. मातोश्री म्हणाल्या, "सुनंच्या भावाला? लई शिकलास बाबा." शिवप्रिया म्हणाली, "आवो, मी एकदाच नको म्हणले हुते. एकदाच!" काल दुसऱ्या भाकरीस मी रीतीप्रमाणे नको म्हणालो. तिने ते जसेच्या तसे नोंदवले.

मी दुरुस्ती सुचवली: दोघींना निम्मे-निम्मे. त्यावर दोघी एकमुखाने म्हणाल्या की, थोरल्या माणसाचे नाव एकदा घातल्यावर त्यास न विचारता पुसणे म्हणजे त्याचा अपमान. नंतर भांडी घासता घासता शिवप्रिया म्हणाली, "उद्या तुमचं काही झालं तर मी अण्णाच्या दारात हात पसरू व्हय?" अण्णा, ते ऐकले आणि मी तसाच हे पत्र लिहावयास बसलो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
नंदीश

ता. क. नावे बदलण्याची मुदत महिनाअखेर संपते. तरी रविवारी येऊन दोघींच्या समक्ष "मला नको" एवढे म्हणावे.

ता. क. २: आपण नको म्हणताच रीतीप्रमाणे मला आग्रह करावा लागेल. मी तो तीनदा करीन. कृपया चौथ्यांदाही नकोच म्हणावे. (हुग्गीबाबत ही अट नाही.)

ता. क. ३: हे पत्र शिवप्रियाने वाचले. ती म्हणते, अण्णाला उगाच त्रास नको, येऊ नका म्हणून लिहा. मी तिला एकदाच विचारले आहे. आणखी दोनदा विचारून कळवतो. तोवर आपण सकाळची पहिली जीप धरावी.