झाडून ठेवलेलं घर

मिलवॉकी,
९ ऑगस्ट २०२१

चि. क्लीटस यास अर्लीनताईचे अ. उ. आ.

तुला फोनवर काडीचं ऐकू येत नाही आणि कानातलं यंत्र तू खिशात घालून हिंडतोस, म्हणून हा लेखनप्रपंच. तुझ्या दाजींची, वेंडेलची फुप्फुसं आता थकली आहेत. नर्स म्हणाली, जे काही दिवस उरलेत ते त्यांच्या मनासारखे जाऊ द्या. त्याच्या मनात एवढंच आहे की आपल्या घरात, आपल्या पलंगावर डोळे मिटावेत. मी त्याला तसा शब्द दिला आहे.

पण शाळेचं स्वयंपाकघर बंद पडल्यापासून माझा पगार थांबला आणि भाडं तुंबलं. मालकाने दारावर नोटीस डकवली आहे. आमच्यासारख्या भाडेकरूंसाठी सरकारने तातडीची मदत काढली आहे, तिच्यासाठी अर्ज केला. त्या ऑफिसातली मुलगी म्हणाली की वेळ लागेल पण काम होईल. तोवर काही झालं तरी घर सोडू नका. तरी दाराशी गाडी थांबली की मी पडद्याआडून बघते. वेंडेल मात्र तसाच आहे. मक्याच्या पावात मीठ कमी पडलं म्हणून आज सकाळी माझ्याशी भांडला. तुला काय वाटतं ते कळव.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

ग्रीनवुड, मिसिसिपी,
१६ ऑगस्ट

ती. ताईस क्लीटसचा सा. न.

पत्र वाचलं आणि तसाच लिहायला बसलो. ताई, तू विसरलीस का गं? भाडं थकलं म्हणून शेरिफच्या माणसांनी आईचा पलंग, गाद्या, आतले कपडेसुद्धा रस्त्याकडेला मांडले होते, आणि बुधवारच्या प्रार्थनेला निघालेली सगळी मंडळी शेजारून बघत गेली. आई पुन्हा त्या चर्चची पायरी चढली नाही.

आता दाजींना खुर्चीसकट फुटपाथवर बसवणार आहेस? ऑफिसातल्या पोरीचं काय जातंय सांगायला! आपल्यात कुणी हाकलायची वाट बघत नाही. घर झाडून-पुसून, शेगडी घासून, किल्ली मालकाच्या हातात ठेवायची आणि ताठ मानेने निघायचं. आईने पुढे जन्मभर तेच केलं. रूबी आपली सख्खी मावसबहीण आहे, तिच्याकडे जा. दाजींना सांग, माझा मासे धरायचा गळ त्यांनी ढापलाय हे मी विसरलेलो नाही.

राग मानू नकोस, लोभ ठेव.
तुझा क्लीटस

मिलवॉकी,
२७ ऑगस्ट

चि. क्लीटस यास अ. उ. आ.

तुझं पत्र आलं तेव्हा मी एकही खोकं भरलेलं नव्हतं. वाचलं आणि आईच डोळ्यांपुढे उभी राहिली. त्याच दिवशी बांधाबांध केली. घर असं झाडलं की जेवायला बसावं. किल्ली मालकाच्या हातात दिली, तर तोच गोंधळला. वेंडेलला रूबीच्या पुढच्या खोलीत कोचावर निजवलं आहे.

काल त्या मुलीचा फोन आला. मदत मंजूर झाली होती. मागचं भाडं फिटलं असतं, पुढचे काही महिनेही निघाले असते. तुम्ही तिथेच राहता ना, असं तिने विचारलं. मी खरं ते सांगितलं.  तर ती म्हणाली की किल्ली दिलीत म्हणजे घर सोडलंत, आता माझ्या हातात काही नाही. मी मालकाकडे धावले, तर त्याने दुसऱ्याला शब्द दिला होता.

वेंडेल रोज सकाळी विचारतो, घरी कधी जायचं. मी शुक्रवारी म्हणते. आज शुक्रवार आहे.

तुझी ताई

ग्रीनवुड,
२ सप्टेंबर

ताई,

नमस्कार करायलाही तोंड नाही. माझा हात झडला का नाही ते पत्र लिहिताना! तू थांबणार होतीस, मीच तुला उठवलं. दाजींना काय सांगू? मी येतो. तू म्हणशील तर दारातूनच परत जाईन.

क्लीटस

मिलवॉकी,
८ सप्टेंबर

चि. क्लीटस यास अ. उ. आ.

वेंडेल सोमवारी गेला. पहाटे म्हणाला, मला खिडकीकडे वळव. आमच्या घरी पलंगाच्या त्या बाजूला खिडकी होती. रूबीकडे भिंत आहे. मी त्याला वळवलं. छान उजाडलंय म्हणाला, आणि थोड्या वेळाने श्वास थांबला.

पुढच्या शनिवारी, १८ तारखेला दफन आहे. काळा कोट इस्त्री करून आण, मागच्यासारखा चुरगळलेला नको. दारातून परत जायच्या गोष्टी करू नकोस, मला आता दुसरं कोण आहे?

आणि एक. तुझं ते पत्र आलं तेव्हा माझी सगळी खोकी भरून झाली होती. किल्ली द्यायचं मी आधीच ठरवलं होतं. आठवणीत माझी चूक झाली, म्हणून मागच्या पत्रात भलतंच लिहून गेले. तू माझ्या सांगण्यावर विश्वास ठेव.

तुझी वाट बघणारी,
ताई