दीड बोट बाहेर

२ फेब्रुवारी

ती. दादास बारकीचा शिरसाष्टांग नमस्कार.

बाबांना जाऊन चार महिने झाले. आपल्याला वाटलं, आता तरी ते ऑफिसातून सुटले. तसं काही नाही. परवा त्यांनी माझा अर्ज अडवला.

मी शिंपीणबाईंचं घर घेतेय हे तुला ठाऊक आहेच. माझा पगार पाहून बँक मला दारात उभं करत नव्हती. खेड्यात घर घेणाऱ्याच्या कर्जाला सरकार जामीन राहतं असं कळल्यावर त्याच बँकेने बसायला खुर्ची दिली. अट एकच, सरकारी तपासनिसाने घर पास करायचं. मंजुरीची मुदत एकतीस मार्चला संपते आणि माझ्या भाड्याच्या खोल्याही मालकाला त्याच दिवशी रिकाम्या हव्यात. दोघांनी संगनमत केल्यासारखं.

बाबांच्या जागी आलेला तपासनीस तरुण आहे. त्याने कपाटातून या घराची जुनी फाइल काढून माझ्यापुढे सरकवली. आत एकोणीस वर्षांपूर्वीचा अर्ज. अर्जदार, आपले बाबा. तेव्हा या भागाला तपासनीस एकच, त्यामुळे पाहणी करणारेही बाबाच. शेरा असा : ‘मागची भिंत ओळंब्यात नाही, दीड बोट बाहेर. नामंजूर. अर्जदारास कळवावे.’ आणि त्यांनी कळवलं, दादा. स्वतःला टपालाने पत्र पाठवलं. ते मिळाल्याची पोच फाइलला लावली आहे, सही आणि तारखेसकट.

आई रोज जेवताना ‘ऑफिसातल्या त्या मेल्या माणसा’चा उद्धार करायची, आठवतं? त्याने आपलं घर घालवलं म्हणायची. बाबा खाली बघून मीठ मागायचे. मला वाटायचं, त्यांना सगळंच अळणी लागतं.

पुढे ऐक. तो तरुण म्हणाला, साहेबांच्या मुलीचं घर काय मोजायचं, करून टाकतो सही. मी कुठल्याच ऑफिसात कधी तोंड उघडलेलं नाही. त्या दिवशी मात्र तोंडून निघून गेलं, की आधी भिंत मोजा. त्याने मोजली. दीड बोट. एवढ्या वर्षांत भिंतीने आपला शब्द फिरवलेला नाही. सही राहिली.

आईला यातलं काही सांगू नकोस.

लोभ आहेच, त्याला मुदत घालू नये.

तुझी,
बारकी


९ फेब्रुवारी

चि. बारकीस अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

आरोग्य केंद्रात औषधांच्या खिडकीमागे बसून तू अख्ख्या गावाशी ‘सकाळी एक, रात्री एक’ याच्यापलीकडे बोलत नाहीस. आणि नेमकं गप्प बसायचं होतं तिथे तुला वाचा फुटली. सरकारने बाबांच्या जागी भलत्यालाच नेमलं. तुला नेमायला हवं होतं. मार्चनंतर सामान कुठे ठेवणार आहेस? त्या फाइलीत?

लिफ्ट तपासायला गेल्यावर तिच्या खांबात दीड बोट फरक निघाला तर मीसुद्धा तिला कुलूप लावून येतो, हे खरं. पण ते परक्यांच्या लिफ्टला. स्वतःच्या घराला लावणारे आपल्या घराण्यात तुम्ही दोघंच.

आईला सांगितलं नाही. तुझं पत्र शर्टाच्या खिशात राहिलं आणि शर्ट तिने धुवायला घेतला. तिसऱ्या दिवशी तिने एवढंच विचारलं, की पोचेवरची सही नेहमीसारखी आहे का. बघून कळव.

शिंपीणबाईंना मागची भिंत नव्याने बांधून द्यायला सांग. मी आठवड्याची रजा काढून येतो. बाबांचा ओळंबा माझ्या हत्यारांच्या पेटीत आहे, तोही आणतो. आई सोबत यायचं म्हणतेय. मी नाही म्हणून पाहिलं. तिने पिशवी आधीच भरली होती.

प्रकृतीला जप. तोंडाला जास्त जप.

तुझा,
दादा


२९ मार्च

ती. दादास नमस्कार.

आईला इथे ठेवून तू गेलास आणि दुसऱ्याच दिवशी तपासनीस आला. ओळंब्याची दोरी भिंतीलगत सोडून बराच वेळ एक डोळा मिटून उभा होता. मग म्हणाला, साहेबसुद्धा काही बोलले नसते. बाबांच्या ऑफिसात याहून मोठी शाबासकी देत नसावेत. सही झाली. बँकेने चहासुद्धा दिला.

शिंपीणबाई काल लेकीकडे गेल्या. जाताना म्हणाल्या, तुमच्या वडिलांचा शेरा वाचून एकोणीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाईक पळालं, आता त्यांच्याच मुलीने मला सोडवलं, तेही भिंत बांधायला लावून. आभार मानले की शिव्या दिल्या, ते कळलं नाही. किल्ली मात्र दिली.

सही पाहून आले. अक्षर नेहमीचंच आहे, फक्त नेहमीपेक्षा बरंच लहान. आईला तसं सांगितलं. ती ऐकून घेऊन स्वयंपाकघर झाडायला गेली. एवढीशी जागा झाडायला तिला फार वेळ लागला.

बाहेर आल्यावर म्हणाली, त्या ऑफिसातल्या माणसाचा फोटो आण. ‘मेल्या’ म्हणाली नाही. मागच्या भिंतीवर मीच खिळा ठोकला. फोटो जरासा तिरका लागला आहे. मी सरळ करायला गेले, तर आईने हात धरला. म्हणाली, राहू दे, बघू किती दिवस सहन होतंय त्यांना.

ओळंबा इथेच राहिला आहे. न्यायला ये.

तुझी,
बारकी