ओटी भाड्याने देणे नाही

मी, अहिल्या दशरथ सावे, वय एकसष्ट, राहणार सरावली, तालुका डहाणू, जिल्हा पालघर, एसटीची निवृत्त वाहक (लोक कंडक्टर म्हणतात आणि मलाही तेच आवडते), माझे हे मृत्युपत्र स्वतःच्या ओटीवर बसून, दिवसाढवळ्या, चष्मा लावून लिहीत आहे. माझी अक्कल शाबूत आहे. माझ्यावर कोणाची सक्ती नाही. तशी सक्ती करू शकेल असा माणूस नोकरीत भेटला नाही आणि घरात तर नाहीच नाही. डाव्या गुडघ्याची कुरकुर सोडली तर तब्येतही उत्तम आहे. म्हणजे मी मरायला टेकले म्हणून हे लिहीत नाही. माझे धाकटे दीर धनेशभावजी गेल्या महिन्यात टेप घेऊन माझी ओटी मोजायला आले, म्हणून लिहीत आहे. कारण आधीच सांगून टाकलेले बरे.

याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. हेच पहिले आणि शेवटचे समजावे.

१. मिळकतीबाबत. सरावलीचे घर माझ्या मालकीचे आहे. जागा सासऱ्यांची. वाटणीत अर्धी माझ्या यजमानांना आणि अर्धी धनेशभावजींना मिळाली. यजमानांनी त्यांचा हिस्सा हयातीतच बक्षीसपत्राने माझ्या नावे केला आणि त्यावर घर मी माझ्या पगारातून बांधले. डहाणू–तलासरी गाडीवर उभी राहून कमावलेले ते घर आहे, तेव्हा त्याचे काय करायचे हे ठरवण्याचा अधिकार पूर्णपणे माझा आहे. मला एकच अपत्य, मुलगा तुषार. तो रेल्वेत सिग्नलच्या कामावर आहे. सून योगिता गावातली बालवाडी चालवते. नातवंडे दोन: रुचिता, वय नऊ, आणि दर्शन, वय सहा.

२. ओटी सोडून बाकीचे घर, मागची विहीर आणि चिकूची झाडे मी तुषारला देते. झाडांना शेणखत वेळेवर घालावे. बँकेतल्या ठेवी तुषार व योगिता यांनी सारख्या वाटून घ्याव्यात. त्यांच्या व्याजातून रंग, कागद आणि डिंक आणताना हात आखडू नये.

३. माझी कंडक्टरची कातडी बॅग रुचिताला. तशी ती आताही तिच्याच गळ्यात असते. ओटीवर नाटक असले की ती दारात उभी राहून तिकिटे फाडते, आणि तिकिटाशिवाय मलाही आत सोडत नाही. मी एकदा म्हटले, "अगं, मी या घराची मालकीण." तर म्हणाली, "आजी, पास दाखव नाहीतर उतर." मी मुकाट्याने तिकीट काढले. हे वाक्य ती माझ्याकडूनच शिकली आहे आणि मला त्याचा फार अभिमान आहे.

४. माझी शिट्टी दर्शनला. खाकी कोट कोणाला द्यायचा हा प्रश्न उरलेला नाही, कारण माझ्या परवानगीने योगिताने तो कापून अस्वल शिवले आहे. अस्वलाच्या छातीवर माझा बिल्ला आहे. तो काढू नये.

५. पितळी हंडा माझी विहीणबाई भिकी हिला. ती तलासरीहून येताना पिशवीभर लाल माती आणते. ती माती भिजवायला पहिल्या दिवशी जो हंडा दिला, त्यात नंतर पाणी भरायची कोणाची छाती झाली नाही. भिकीबाई आणि पोरांनी त्या मातीची एक एसटी केली होती. गाडीत माणसे, कोंबड्या, मासळीच्या टोपल्या, आणि दारात मी. माझे नाक जरा मोठे झाले होते. भिकीबाई म्हणाली, "विहीणबाय, आवाज नाय दावता येत मातीत, म्हणून नाक मोठा केला."

६. शिडी धनेशभावजींना. ती सात-आठ वर्षांपूर्वी एका दिवसासाठी नेली होती आणि अजून त्यांच्याकडेच आहे, म्हणजे ताबा देण्याचा त्रासही वाचला. मात्र माझ्या पश्चात माझ्या वस्तूंपैकी दुसरे काहीही त्यांना देऊ नये. पोरांनी चिकूच्या खोक्यांचा देवमासा केला होता. त्याच्या तोंडात दर्शन आख्खा मावायचा. आम्ही भिकीबाईंकडे गेलो असताना तो देवमासा भावजींनी "अडगळ" म्हणून भंगारवाल्याला दिला. मी ते विसरलेले नाही आणि हे लिहून ठेवते, म्हणजे पुढेही कोणी विसरणार नाही.

७. आता ओटी. तिची चतुःसीमा अशी: पूर्वेस रस्ता, पश्चिमेस आमचे माजघर, उत्तरेस धनेशभावजींची ओटी, दक्षिणेस पेरूचे झाड. रस्त्याच्या बाजूने जाळी आहे.

ही ओटी आमच्या घरात कारखाना, नाटकगृह आणि प्रदर्शन अशा तिन्ही कामांना येते, आणि याचे श्रेय योगिताचे. ती कॉलेजला असताना माझ्याच गाडीने यायची. कोणाचे मूल रडायला लागले की ती आपल्या तिकिटाचा पक्षी करून त्याच्या हातात द्यायची. मूल गप्प व्हायचे. उतरताना तिकीट मागितले असते तर पक्षी उलगडावा लागला असता. मी तो कधीही उलगडायला लावला नाही. सून मी गाडीतच निवडली होती. तुषारचे म्हणणे आहे की त्याने तिला माझ्याआधी निवडले होते. ते त्याचे म्हणणे आहे.

ओटीच्या तुळईला पितळी घंटी आणि दोरी आहे. मी निवृत्त झाले तेव्हा माझा चालक रविंद्र याने ती महालक्ष्मीच्या जत्रेतून आणून मला भेट दिली. गाडीत एक घंटी म्हणजे थांबा आणि डबल म्हणजे चला, हे मी पोरांना सांगितले आणि त्यावरून रुचिताने घराचा नियम केला. ज्याने नवे काही केले असेल त्याने एक घंटी द्यायची. मग घरात जो कोणी असेल त्याने हातातले काम टाकून ओटीवर यायचे आणि बघायचे. लांबून "छान, छान" म्हणून ओरडलेले चालत नाही. करणाऱ्याचे समाधान झाले की तो डबल देतो आणि सगळे मोकळे होतात.

या नियमाने आमच्या घरात भाजी करपली आहे आणि दूध तर किती वेळा उतू गेले याची गणती नाही. एकदा दर्शनने एक घंटी दिली आणि कोरा कागद दाखवला. "वारा काढलाय," म्हणाला. आम्ही बघत राहिलो. तुषारची कामाची वेळ झाली होती, तरी तो हलला नाही. शेवटी म्हणाला, "डहाणूकडून तलासरीकडे चाललाय का रे?" दर्शन म्हणाला, "हो," आणि डबल दिली. माझा मुलगा असा बाप झाला आहे. मी दिवसभर गाडीवर आणि त्याची आजी चुलीपाशी, असा तो वाढला. हे त्याला कोणी शिकवले नाही, त्याचे त्यालाच आले.

मीही साठीत पहिल्यांदा घंटी दिली. मोज्याची बाहुली केली होती. सगळे आले, उभे राहिले. इतकी वर्षे भरलेल्या गाडीत ओरडले, पण इथे बाहुली पाठीमागे धरून उभी राहिले. योगिता म्हणाली, "आई, हिला जरा चालवून दाखवा ना." मी दाखवली.

८. गेल्या महिन्यातली हकीगत. रविवारी सकाळी एक घंटी झाली. तुषार गालाला साबण लावलेला, योगिताचे हात पिठात, पोरे रंगाने माखलेली, आणि मी, असे सगळे ओटीवर येऊन रांगेत उभे राहिलो. समोर धनेशभावजी. बरोबर एक अनोळखी गृहस्थ. भावजींनी दारावरची बेल समजून दोरी ओढली होती. आम्ही नियमाप्रमाणे बघायला आलो होतो. ते आमच्याकडे बघत होते आणि आम्ही त्यांच्याकडे.

दर्शनने विचारले, "धनेशआजोबा, तुम्ही काय केलंत?"

"कुठे काय केलं?"

"मग घंटी का दिली?"

रुचिता त्यांच्या हातातल्या टेपकडे बघून दर्शनला म्हणाली, "पिवळा साप असेल. थांब, सोडतील आता." भावजींच्या हातून टेप खरोखरच सुटला आणि सर्रकन आत गेला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मग भावजींनी मुद्दा काढला. "वहिनी, रोड-टच आहे सगळं. तुमची-आमची ओटी एक केली तर फर्स्ट क्लास गाळा होतो. हे मोबाईलचं दुकान टाकतायत. भाडं घरबसल्या येईल. पोरं काय, उद्या मोठी होतील. आणि कचरा करायला एवढी मोक्याची जागा लागते का?"

मी म्हटले, "भावजी, टेप गुंडाळा."

ते तुषारकडे वळले. तुषार म्हणाला, "बघू, काका."

हा "बघू" मला ठाऊक आहे. तुषारची पहिली सायकल "बघू" म्हणूनच दुसऱ्याच्या घरी गेली. त्याच्या हक्काच्या सुट्ट्या तशाच जातात आणि शिडीही तशीच गेली. माझा मुलगा सोन्यासारखा आहे, पण त्याच्या जिभेला नकाराची सवय नाही. मी असेपर्यंत ठीक. माझ्यामागे भावजी चहाला येत राहतील आणि एका वर्षात या ओटीवर शटर लागेल, हे मला त्या सकाळी स्वच्छ दिसले.

९. म्हणून मी ओटीही तुषारलाच देऊन, ती कधी भाड्याने देऊ नये, विकू नये, भिंत घालू नये, अशी अट लिहिली आणि वकीलबाई रविना यांना दाखवली. ही रविना शाळेत असताना माझ्या गाडीच्या पायरीवर उभी राहायची आणि माझा ओरडा खायची. तिने वाचले आणि म्हणाली, "मावशी, अशी कायमची अट कोर्टात टिकणं कठीण आहे. ज्याला द्याल तो मालक. त्याने काय करावं ते तुम्ही वरून नाही सांगू शकत. माणूस बघून द्या."

मी कच्चा कागद घेऊन घरी आले आणि तो ओटीवरच राहिला. तुषारने तो वाचला. संध्याकाळी तो पोरांच्या नाटकासाठी पुठ्ठ्याचे झाड कापत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "आई, ओटी माझ्या नावावर नको करूस."

"का रे?"

"मला नाही म्हणता येत नाही. काका चार वेळा आले की पाचव्यांदा मी हो म्हणेन. मग पोरांकडे बघायची हिंमत होणार नाही माझी. योगिताच्या नावावर कर. तिला नाही म्हणता येतं."

"मुलगा असताना सुनेला दिली, असं गाव म्हणेल."

"म्हणू दे. मी सांगेन, मीच मागितलं."

मला आयुष्यात अभिमान वाटण्यासारख्या गोष्टी झाल्या. घाटात ब्रेक गेला तेव्हा मी आणि रविंद्रने गाडीतल्या एकाही माणसाला खरचटू दिले नाही. त्याबद्दल डेपोत सत्कार झाला, हार घातला. तो हार त्या संध्याकाळच्या मानाने काहीच नव्हता. आपले कुठे कमी पडते ते ओळखून, आपल्या हक्काची जागा आपल्या बायकोच्या नावे मागणारा मुलगा माझ्या पोटी आला. मी आत जाऊन थोडे रडले. हेही नोंदवते, कारण ते खरे आहे.

योगिताला विचारले. तिने एकच शंका काढली. "आई, पोरं मोठी झाली आणि त्यांनाच विकावीशी वाटली, तर?"

"तर तू ठरव. मी वरून घंटी देणार नाही."

"मी आधी विचारेन, त्या पैशांतून काय करणार आहात," ती म्हणाली. "आवडलं तर हो म्हणेन." मला एवढे पुरे होते.

१०. सबब, कलम ७ मध्ये वर्णन केलेली ओटी, जाळी, तुळई, घंटी आणि भिंतीवरच्या सर्व रंगांसह, मी माझी सून सौ. योगिता तुषार सावे हिला पूर्ण मालकी हक्काने देते. कोणतीही अट नाही. लिहिलेली अट मी स्वतः खोडली आहे. तिथे माझा हार घातलेला फोटो लावू नये, जागा अडते.

११. या मृत्युपत्राची अंमलबजावणी रविंद्र यांनी करावी. मी घंटी दिल्याशिवाय त्यांनी कधी गाडी हलवली नाही, तेव्हा त्यांच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

१२. मृत्युपत्र हे मृत्यूनंतर अमलात येते, असे रविनाने मला समजावले आहे आणि ते मला समजलेही आहे. तरी कलम १० बाबत मी तितका धीर धरलेला नाही. काल धनेशभावजी पुन्हा आले. मी खुर्चीतून उठले नाही. म्हटले, "मालकिणीला विचारा," आणि योगिताला हाक मारली. ती हात पुसत बाहेर आली. तिने आधी त्यांना चहा दिला आणि मग नाही म्हटले.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांना ओटीवर बसवून त्यांच्यादेखत खाली सही केली. त्यांनीही माझ्यादेखत सह्या केल्या. दोघांनाही यातून काही मिळत नाही, चहा सोडून.

सही: अहिल्या दशरथ सावे

साक्षीदार:
१. जीवन माच्छी, राहणार आगर
२. ॲड. रविना पाटील, राहणार डहाणू रोड

ठिकाण: सरावली, तालुका डहाणू
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५