बॉनेट उघडण्यापूर्वी वाचावे

चि. ठोंब्यास,

काकाचे अनेक आशीर्वाद.

तू खुशाल असशील असं धरून चालतो; नसतास तर तुझ्या आईने एव्हाना मला सात फोन केले असते. जहाजावर जेवण बरं मिळतं का, तुझा गुडघा कसा आहे आणि त्या नव्या कप्तानाचा पारा उतरला का, ते सवडीने कळव. मी ठणठणीत आहे. काकूचं पुढे येतंच. (तू पस्तिशी ओलांडलीस, जहाजाची इंजिनं सांभाळतोस, तेव्हा तुला आता ठोंब्या म्हणू नये असं तुझ्या आईचं म्हणणं. मग काय म्हणू, असं मी विचारलं, तर ती म्हणाली, ते ठोंब्यालाच विचारा.)

तुझा निरोप मिळाला. गाडीला गिऱ्हाईक आलंय, पुढच्या महिन्यात तू सुट्टीवर आलास की व्यवहार होणार, आणि त्याआधी त्याला बॉनेट उघडून काढलेले फोटो हवेत, तेही आजच्या आज. त्या 'आज'ला आता अकरा दिवस झाले. फोन मी मुद्दामच उचलत नाही. फोनवर तू मध्येच 'काका, काय केलंत?' असं विचारतोस आणि माझा धागा तुटतो. पत्रात तुला तोंड घालता येत नाही, म्हणून हा उपद्व्याप.

तुला आठवतंय, काकूला झटका आला तेव्हा तूच निघताना गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवलीस. हातपाय महिन्याभरात परत आले, शब्द तेवढे गेले. बेचाळीस वर्षं जिने मला एक वाक्य धड पुरं करू दिलं नाही, ती समोर बसून नुसती बघायची. घर इतकं शांत असू शकतं हे मला माहीत नव्हतं, आणि खरं सांगतो, मला त्या शांततेची भीती वाटायला लागली. डॉक्टर म्हणाले, बोलणं जे काय परत यायचं ते बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत येतं, वेळ घालवू नका. टेकडीवरच्या केंद्रात बोलायला शिकवणाऱ्या एक बाई आहेत, त्यांच्याकडे आठवड्यातून दोनदा न्या. टेकडीचा रस्ता नऊ वळणांचा, बस पायथ्यालाच थांबते. आणि तुझी गाडी, जिचं तू इतकं कौतुक सांगत होतास, ती पाचव्या वळणावर तापमानाचा काटा लालवर नेऊन वाफ सोडायची. पहिल्या दिवशी आम्ही पाऊण तास उशिरा पोचलो आणि बाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

आता हे इंजिन टर्बोचं. धुराच्या जोरावर पंखा फिरतो, तो हवा दाबून आत कोंबतो, आणि दाबली की हवा तापते. हे मला कोणी शिकवायला नको, माझी हयात कॉम्प्रेसरमध्ये गेली. पस्तीस वर्षं गावभरचे फ्रीज दुरुस्त केलेला माणूस मी. थंड करणं हाच ज्याचा धंदा, त्याने एका गाडीसाठी गॅरेजवाल्यापुढे हात पसरायचे? मी माळ्यावरचं भंगार खाली काढलं. (तेवढ्यासाठी तरी काकू ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली नाही.)

पहिली चूक माझ्या धंद्याने केली. फ्रीजवाल्याचा हात आधी फटी शोधतो. बॉनेटच्या कडेने हवा आतबाहेर करतेय हे पाहून मी जुन्या फ्रीजच्या दाराचं रबर काढून सबंध बॉनेटला बसवलं, आतून थर्माकोल लावला, वर चकचकीत कागद. काम इतकं सफाईदार झालं की बॉनेट लागताना फ्रीजसारखा 'धप्' आवाज यायला लागला. बाहेरचं ऊन आत शिरायला तसूभर जागा नव्हती. गाडी दुसऱ्याच वळणावर उकळली. तेव्हा रस्त्याच्या कडेला उभं राहून माझ्या डोक्यात प्रकाश पडला की फ्रीजमध्ये उष्णता बाहेरून यायची असते आणि इथे ती घरचीच आहे. थर्माकोल वितळून झाकणाला चिकटला. खरवडला तेवढा खरवडला, फोटोत पांढरं दिसेल ते तेच.

मग मी उलट्या बाजूने विचार केला. फ्रीज भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा, मागची जाळी मोकळी राहू द्या, असं मी लोकांना जन्मभर सांगत आलो. त्याच न्यायाने बॉनेटच्या बिजागऱ्यांखाली वायसर घालून मागची कड बोटभर उचलली. गरम हवा निघून जाऊ लागली, त्यातली थोडी काकूच्या तोंडावर, पण निघू लागली. टर्बोला, भट्टीच्या दाराला लावतात ती काचेच्या धाग्यांची दोरी गुंडाळली. आणि पुढच्या जाळीसमोर मोडक्या छोट्या फ्रीजचा बारा व्होल्टचा पंखा तारेने बांधला. तरी पाचव्या वळणावर काटा वर. मी उतरून वाकून बघत होतो. काकू काच खाली करून माझ्याकडे बघत होती. जाळीवर एक वाळकं पान आलं आणि चिकटायच्या ऐवजी उडून पुढे गेलं. आणि काकू म्हणाली, "उलटा."

ठोंब्या, तीन महिन्यांतला तो तिचा पहिला शब्द. (पंखा की मी, याचा खुलासा तिने केला नाही. तारा तपासल्या, पंखाच होता.) मी तारा बदलल्या नाहीत लगेच. मी तिला म्हटलं, काय म्हणालीस? तर तिने मान वळवली, अगदी पूर्वीसारखी, एकदा सांगितलं ते सांगितलं अशी.

पाण्याच्या फवाऱ्याचं तुझ्या कानावर आलंच असेल, कारण केंद्राचा पहारेकरी तुझ्या आईच्या ओळखीचा निघाला. टर्बोने तापवलेली हवा गार करणारी जी पुढची जाळी असते, तिच्यावर पाणी मारावं म्हणून मी काच धुण्याच्या टाकीतून नळी ओढली आणि तिच्या टोकाला काकूच्या कुंड्यांचा फवारा बसवला. कल्पना चोख होती. टाकीत मीच भांड्यांचा साबण घातलेला होता, एवढंच विसरलो. केंद्राच्या फाटकात शिरताना गाडीच्या तोंडातून फेस आला. पहारेकरी वाळूची बादली घेऊन धावला आणि काकू पोट धरून हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग फेसाकडे बोट दाखवून म्हणाली, "धुणं." त्या दिवशी बाईंनी तिला चित्रांच्या पत्त्यांवर सफरचंद दाखवलं तेव्हा मात्र ती गप्प. सफरचंद ओळखता येतं का, हा प्रश्नच तिला अपमानाचा वाटतो.

त्यानंतर प्रत्येक फेरीला वीस-पंचवीस मिनिटं पाचव्या वळणावर. मी पाना घेऊन खुडबुड करतो, ती पायरीसारख्या एका दगडावर बसते आणि खाली दिसणाऱ्या घरांकडे बघत एकेक शब्द काढते. "छप्पर." "वाळत." "मूर्ख." (शेवटचा दोनदा.) परवा तर "चहा का नाही आणलात?" असं सलग आलं. हे सांगितल्यावर बाई चकित झाल्या. इथे तर दोन शब्दांवर जात नाहीत, म्हणाल्या, वाटेत तुम्ही करता तरी काय? इंजिन थंड करतो, असं मी सांगितलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

तेव्हा गाडी बघायला विचित्र असली तरी मनाने चांगली आहे, हे गिऱ्हाइकाला समजावून सांग. प्रकृतीला जप.

तुझा काका

ता. क. फोटो सोबत जोडलेले नाहीत.

दुसरा ता. क. तू इंजिनातला माणूस, उगाच डोकं शिणवशील, म्हणून सांगून टाकतो. महिन्यापूर्वी मी नाक मुठीत धरून गॅरेजवाल्याकडे गेलो. त्याने दहा मिनिटांत थर्मोस्टॅट काढून दाखवला, अर्धवट मिटून गच्च बसलेला; इंजिनाचं पाणी थंड व्हायला जाणार कुठून? पस्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या फ्रीजचे थर्मोस्टॅट बदलत आलो आणि इथे तोच बघितला नाही. हे तुझ्या आईला कळता कामा नये. नवा घातल्यापासून काटा हलत नाही. वर लिहिलेल्या एकाही करामतीचा आता काडीचा उपयोग नाही.

तिसरा ता. क. सहा महिन्यांतले साडेचार संपले. गाडी इतक्यात विकू नकोस. टॅक्सी करा म्हणशील, पण टॅक्सी पाचव्या वळणावर थांबत नाही. मी अजून थांबतो. काल गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं आणि नेहमीसारखं म्हणालो, तापली बघ पुन्हा. काकू उतरली, इंजिनावरच्या प्लास्टिकच्या कव्हरवर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मग अडखळत, पण एकही शब्द न गाळता म्हणाली, "तापत नाही हो ती. मला कधीच कळलंय. बसा इथं."